तीन प्रश्न आणि एक स्वस्त रायफल

काकांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसायचं. पेन ते दुसऱ्याचं मागायचे आणि आठवणीने परत द्यायचे. खिशात असायच्या त्या दोन वस्तू: बोटाएवढी टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा गोल आरसा. या दोन वस्तू घेऊन ते अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या निम्म्या मराठी घरांच्या डिशवॉशरखाली, सोफ्याखाली आणि सेकंडहँड गाड्यांच्या पोटाखाली शिरलेले आहेत. कुणाकडे जेवायला गेले की ज्या खुर्चीवर बसायचं ती आधी उलटी करून बघायचे. यजमानीणबाई पानं मांडतायत आणि हा साठीचा माणूस फरशीवर मांडी घालून त्यांच्या डायनिंग सेटचे स्क्रू पिळतोय, हे दृश्य इतकं नेहमीचं होतं की आम्हाला त्याचं काही वाटत नसे. नवीन आलेल्यांना वाटायचं. त्यांना आम्ही सांगायचो, 'काका आहेत, चालू दे.'

मी त्यांना ओळखायला लागलो तो भाडेकरू म्हणून. पुण्याहून प्रोजेक्टवर आलो तेव्हा त्यांच्या टाउनहाउसमधली वरची खोली मला मिळाली. काका मूळचे नागपूरचे. काकू वारल्या होत्या, मुलगी ओहायोत डब्लिनला नोकरीला होती, आणि ते स्वतः इथल्या एका औषध कंपनीत क्वालिटीमध्ये होते. खोली द्यायच्या आधी त्यांनी माझी मुलाखत घेतली. पगार विचारला नाही, व्हिसा विचारला नाही. विचारलं, "फोडणी जळली तर काय करतो?"

मी म्हटलं, "तशीच खातो."

"टाकून देत नाही?"

"नाही."

"लपवत तर नाही नं? वरून कोथिंबीर घालून?"

मी नाही म्हटलं आणि मला खोली मिळाली. ते उत्तर खोटं होतं हे कळायला आम्हा दोघांनाही पुढे बरीच वर्षं लागली.

त्यांच्या गाडीत बसताना बूट काढून हातात घ्यावे लागत. वसंतात इथे पाइनच्या परागांनी सगळं गाव पिवळं होतं, ते पिवळं त्यांच्या गाडीच्या आत गेलेलं मी पाहिलेलं नाही. बाहेरून गाडी मात्र अशी की सिग्नलला शेजारचा माणूस काच वर करून घेईल. रंग उडालेला, एक आरसा चिकटपट्टीने बांधलेला. यावर कुणी बोललं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "स्वस्त म्हणजे वाईट नाही. स्वस्त म्हणजे बनवणाऱ्यानं थोडं काम आपल्यासाठी ठेवलं. ते करायची तयारी असली तर घ्या. नसली तर महागाचं घ्या, नाही तर घेऊ नका."

आणि त्यांचे ते तीन प्रश्न. आमच्याकडे कुणीही काहीही घ्यायला निघालं, गाडी, गादी, प्रेशर कुकर, की आधी काकांना फोन जायचा, आणि काका विचारायचे: एक, काम काय आहे? दोन, किती वेळा पडणार? तीन, बिघडलं तर कोणाला लागेल? पहिल्या दोन प्रश्नांवर बहुतेक वस्तू गळायच्या. मला एकदा कॉफीचं मोठं मशीन घ्यायचं होतं. दुसऱ्या प्रश्नाला मी 'रोज' असं ठोकून दिलं. ते मशीन पुढे आमच्या गराजमध्ये होतं आणि त्याच्या वर आम्ही कांद्याची पिशवी ठेवायचो. तिसरा प्रश्न सहसा विचारावा लागायचा नाही. गादी बिघडून लागून लागून कोणाला लागणार?

रविवारी ते इथल्या मराठी मंडळाच्या मुलांना मराठी शिकवायचे. लायब्ररीची मीटिंग रूम मिळायची, तिथे पंधरा-सोळा पोरं जमायची. 'अ' अननसाचा वगैरे त्यांना मान्य नव्हतं. अननस कोण रोज हातात धरतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे 'प' पान्ह्याचा होता, 'ह' हातोडीचा, 'क' कानशीचा, आणि ती वस्तू टेबलावर ठेवलेली असायची. मुलांनी ती हातात घ्यायची, वास घ्यायचा आणि तिच्याविषयी एक वाक्य मराठीत बोलायचं. माझी मुलगी घरी आमच्याशी इंग्रजीत बोलायची आणि त्यांच्याशी चक्क नागपुरीत. 'मी पान्हा पाहून राहिली' असं ती एकदा माझ्या आईला फोनवर म्हणाली तेव्हा पुण्यात काही काळ शांतता पसरली होती. काकांना विचारलं तर म्हणाले, "बोलून राहिली नं? मग पास."

त्या वर्गासाठी ते आठवडाभर जगायचे असं मी म्हटलं तर त्यात फार काही वाढवून सांगितलं असं होणार नाही. नोकरी होती, पण घरात कोणी नव्हतं. शनिवारी ते अवजारं पुसून, तेल लावून डब्यात भरत. ते डबे ठेवायच्या मंडळाच्या कपाटाची किल्ली गळ्यात घालून फिरत.

इथपर्यंतचं लिहायला मला मजा आली. मंडळाच्या स्मरणिकेत 'आपले जुने सभासद' असं सदर आहे, त्यासाठी माझ्याकडे काकांवर छोटासा लेख मागितला आहे, आणि छोटासा लेख हवा असेल तर तो झाला. पण काका इथून का गेले हे मला माहीत आहे, आणि ते न लिहिता बाकीचं लिहिणं म्हणजे वरून कोथिंबीर घालणं आहे.

माझं ग्रीनकार्ड आलं त्या वर्षीची गोष्ट. तोवर मी घर घेतलं होतं, काकांच्या घरापासून दहा मिनिटांवर. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात चोऱ्या होत होत्या. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना पाठ झालं होतं. माणसं ऑफिसात गेली की भरदुपारी मागचं दार फोडायचे. व्हॉट्सॲपवर दिवसभर तेच. कुणी कॅमेरे लावले, कुणी कुत्रा आणला. माझ्या डोक्यात रायफल आली. ग्रीनकार्ड आल्यावर आता आपल्यालाही घेता येते, यातच अर्धी मजा होती, हे मी बायकोला सांगितलं नाही. तिला सांगितलं, सुरक्षेसाठी.

मी आठवडाभर व्हिडिओ पाहिले. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक वेळी चाप ओढला की एक गोळी आणि पुढची आपोआप येऊन बसते, अशी. महागातली नको, स्वस्तातली. स्वस्तातल्याही डझनभर. कोणती या किमतीत परवडते आणि कोणती नुसतीच स्वस्त आहे, यावर लोक इतके तावातावाने बोलत होते की मी चक्रावून गेलो. मग मी तेच केलं जे सगळे करायचे. काकांना फोन लावला.

आता यात एक गोष्ट सांगायला हवी. काका अमेरिकेत येण्याआधी आठ वर्षं नागपूरकडच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. आरसा आणि टॉर्च ही त्या नोकरीतली सवय. पण त्यांनी आयुष्यात एक गोळी झाडलेली नव्हती. ते बौद्ध होते, आणि नुसते कागदावरचे नव्हते. हॉलमध्ये बुद्धाची तसबीर, शेजारी निळ्या कोटातला तो फोटो, आणि रोज सकाळी पंचशील म्हटल्याशिवाय चहा नाही. त्यातलं पहिलंच शील हिंसा न करण्याचं. ही दोन्ही टोकं कशी जुळतात असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "गोळी कोण झाडेल ते माझ्या हातात नव्हतं. ती हातात फुटू नये, एवढं होतं."

फोनवर त्यांनी दुकान कुठे आहे ते विचारलं. मग म्हणाले, "चल, पाहू."

दुकान एका स्ट्रिप मॉलमध्ये, नखं रंगवण्याच्या पार्लरच्या शेजारी. दुकानदार म्हातारा, कानात यंत्र. मी तीन नावं लिहून नेली होती. त्याने तीन रायफली काउंटरवर ठेवल्या. प्रत्येक ठेवताना त्याने बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा लोखंडी दांडा, मागे ओढून आतली गोळी बसायची जागा रिकामी असल्याचं दाखवलं. काकांनी प्रत्येक हातात घेतली आणि बोल्ट मागे ओढून तीच जागा पुन्हा पाहिली.

मी मराठीत म्हटलं, "काका, त्याने आत्ता दाखवलं ना."

"त्यानं पाहिलं ते त्याचं झालं. माझ्या हातात आली की मी पाहीन. तुझ्या हातात आली की तू."

मग खिशातून आरसा निघाला. दुकानदाराने हसून विचारलं, हे दाताचे डॉक्टर आहेत का. पाऊण तासाने तो हसत नव्हता. तोही वाकून आरशात बघत होता आणि दोघं भावासारखे डोकं हलवत होते. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"ही महाग आहे ती पाहा," काका मला म्हणाले. "कडा घासल्या आहेत, चाप गुळगुळीत आहे, अन् नाव आहे. ही मधली, हिच्यावर खर्च केला तो दिसायला केला, आत घाई आहे. अन् ही सगळ्यात स्वस्त. हिचा चाप खरखर करते. पुढचं प्लास्टिक हलून राहिलं. नेम धरायचं काही दिलंच नाही, वेगळं घ्यावं लागेल. पण नळी चांगली आहे, बोल्ट सरळ घासला आहे. म्हणजे कंपनीनं हात आखडला तो दिसत्या जागी आखडला, आत नाही. ही इमानदार स्वस्त आहे."

मी खूश झालो. पाकिटाला हात घातला.

"थांब. काम काय?"

"घराचं रक्षण."

"किती वेळा?"

"एकदाही वेळ येऊ नये."

"बिघडलं तर कोणाला लागेल?"

मी हसलो. म्हटलं, "चोराला."

ते हसले नाहीत. दुकानदाराकडून पेन मागितलं, जुन्या पावतीच्या पाठीवर काहीतरी लिहिलं आणि पावती माझ्या हातात दिली. त्यांच्या तपासनिसाच्या अक्षरात, सुटं सुटं: 'वस्तू पास. गिऱ्हाईक नापास. कुलपाचं कपाट आणि शिकणं झाल्यावर पुन्हा तपासणे.'

"या किमतीत रायफल येते," ते म्हणाले. "सवय येत नाही. ती वेगळी आणावी लागते. आधी कपाट घे, आठ-दहा वेळा क्लासला जा. दुकान कुठं पळून नाही राहिलं."

दुकानदाराला मराठी कळत नव्हतं, तरी मला त्याच्यासमोर कानकोंडं झालं. चाळिशीचा माणूस मी, टीममध्ये बारा जण माझ्या हाताखाली, आणि हे मला नापास करतायत. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर घरी आलो. पुढच्या शनिवारी एकटा गेलो, फॉर्म भरला, चौकशी झाली आणि तीच इमानदार स्वस्त रायफल घेऊन आलो. कपाट पुढच्या महिन्यात घेऊ म्हटलं. क्लासचं एकच सेशन केलं. रायफल झोपायच्या खोलीतल्या क्लॉझेटच्या वरच्या फळीवर, ब्लँकेटांच्या मागे. पावती का कोण जाणे, पाकिटातच राहिली.

मग सप्टेंबरात दोन गल्ल्या सोडून एका तेलुगू कुटुंबाकडे चोरी झाली. त्या संध्याकाळी मी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची सुटी पेटी, भरलं, रायफलीत बसवलं आणि व्हिडिओत करतात तसा बोल्ट ओढून सोडला. बायको भडकली. म्हणाली, "घरात सात वर्षांची मुलगी आहे, आत्ताच्या आत्ता रिकामी कर ती." मी मॅगझिन काढलं, त्यातल्या गोळ्या डब्यात टाकल्या. रिकामी केली म्हणून तिला सांगितलं. मला तसं खरंच वाटत होतं. मॅगझिन काढलं तरी बोल्टने नळीत ढकललेली गोळी तिथेच राहते, हे क्लासच्या दुसऱ्या सेशनमध्ये शिकवतात म्हणे.

दसऱ्याला आमच्याकडे दरवर्षी जेवण असतं. पंचवीस-तीस माणसं, पोरं धरून. आमच्या पुण्याच्या घरी खंडेनवमीला शस्त्रं म्हणून अडकित्ता, विळी आणि वडिलांची जुनी स्लाइड रूल मांडायचे. इथे लॅपटॉप, मिक्सर, गाडीच्या किल्ल्या. सुट्टीच्या सोयीने मांडामांड दसऱ्यालाच. त्या वर्षी मला वाटलं, आता आपल्याकडे खरोखरचं शस्त्र आहे. लाल कपडा घातलेल्या पाटावर मधोमध मी रायफल ठेवली. शेजारी रिकामं मॅगझिन. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, सढळ हाताने. पुरुष मंडळी एकेक करून येऊन फोटो काढत होती. कुणी म्हणालं, "यार, हे भारी आहे, एकदम ऑथेंटिक." मी अगदी फुगलो होतो.

काका उशिरा आले. त्यांचाही तो मोठा दिवस, धम्मचक्र प्रवर्तनाचा. सकाळी घरी वंदना करून, पांढराशुभ्र शर्ट घालून, खिरीचं पातेलं घेऊन ते दरवर्षी यायचे. पूजेत पडायचे नाहीत. 'माझा दसरा वेगळा, जेवण एकच,' असं म्हणून पहिल्या पंगतीला बसायचे.

त्या दिवशी ते खीर ठेवायला स्वयंपाकघरात निघाले होते आणि वाटेत त्यांना पाट दिसला. पाटासमोर मुली बसल्या होत्या, माझी लेक रायफलीवर अक्षता टाकत होती, आणि नळीचं टोक सोफ्याकडे होतं. सोफ्यावर तिघीचौघी बायका.

"कोणी उघडून पाहिली का?" त्यांनी हळूच मला विचारलं.

"अहो, रिकामी आहे. मॅगझिन बघा ना, बाजूला काढून ठेवलंय."

"तू पाहिलं?"

त्यांनी पातेलं माझ्या हातात दिलं. मुलींना म्हणाले, "चला बाई, तिकडं सरका, मागं या." रायफल उचलली, तोंड फायरप्लेसच्या विटांकडे केलं. सेफ्टीचा, म्हणजे चाप अडवून ठेवणारा, खटका बघितला. तो अर्ध्यावर अडकला होता, फटीत कुंकू भरलं होतं. मग बोल्ट मागे ओढला.

एक गोळी बाहेर पडली. कार्पेटवर अक्षतांमध्ये थोडी घरंगळली आणि माझ्या लेकीच्या पायापाशी थांबली.

नेमके त्याच वेळी मंडळाचे अध्यक्ष बाहेरून आत आले. त्यांना जे दिसलं ते असं: काकांच्या हातात रायफल, जमिनीवर गोळी, आणि पोरं. ते म्हणाले, "अरे, हे काय चाललंय? काका, काय करताय काय तुम्ही? कोणाची आहे ही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझं घर होतं, उत्तर मी द्यायचं होतं.

मला भीती वाटली. हे बाहेर गेलं तर काय, ऑफिसात कळलं तर, पोलिसांत कुणी कळवलं तर. पण नुसती भीती असती तर मी आज स्वतःला थोडं माफ केलं असतं. त्याहून जास्त मला तीस माणसांसमोर मूर्ख ठरायचं नव्हतं. खिरीचं पातेलं हातात धरून मी म्हणालो, "काकांनीच निवडून दिली होती. त्यांनीच पास केली. मला यातलं काय कळतं?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पावतीवरचे पहिले दोन शब्द मी सांगितले, पुढचे दोन गिळले. पावती त्या क्षणी माझ्या मागच्या खिशात होती.

काकांनी गोळी उचलली, रुमालात गुंडाळली, रायफल बोल्ट उघडा ठेवून हॉलमधल्या उंच कपाटावर चढवली आणि हात धुतले. जेवले नाहीत. जाताना माझ्या बायकोला म्हणाले, "खीर गरम करून वाढ बेटा, थंड झाली."

दुसऱ्या दिवशीपर्यंत व्हॉट्सॲपवर गोष्ट अशी झाली होती की काकांना बंदुकांचा शौक आहे, त्यांनी माझ्या गळ्यात एक मारली, आणि पूजेतली रायफल पोरांसमोर हाताळताना त्यातून गोळी पडली. दोन दिवसांत 'पडली'ची 'सुटता सुटता राहिली' झाली. मी ग्रुपचा ॲडमिन होतो. एक मेसेज पुरला असता. मी टाइप केला, पुसला, टाइप केला, पुसला, आणि मग मला कामाचा कॉल आला.

आठवड्याने कमिटीची मीटिंग अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये. मी कमिटीवर होतो, वेबसाइट माझ्याकडे. चहा, चिवडा. अध्यक्ष म्हणाले, "कोणावर आरोप नाही, पण पालक नर्व्हस आहेत. संडे क्लास काही दिवस दुसऱ्या कोणाकडे देऊ या." एक बाई म्हणाल्या, "आणि पूजेतल्या वस्तूला असा हात लावायचा? अर्थात त्यांना आपल्या शस्त्रपूजेचं काय कळणार. त्यांच्यात वेगळंच असतं ना सगळं."

त्या 'त्यांच्यात'चा अर्थ बेसमेंटमधल्या प्रत्येकाला कळला. कुणी चिवड्याच्या वाटीत बघितलं, कुणी फोनमध्ये. मी वाटीत बघितलं. ज्या माणसाच्या घरात मी दोन वर्षं राहिलो, ज्याच्या हातचं वरण-भात जेवलो, त्याच्याबद्दल हे बोललं जात होतं, आणि मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगतो: सुटका. चर्चा माझ्या क्लॉझेटपासून लांब चालली होती. हात वर करायला सांगितले तेव्हा मी केला. इतरांपेक्षा थोडा उशिरा केला, एवढाच माझा बाणेदारपणा.

दोन दिवसांनी गाडीत लेकीने विचारलं, "बाबा, काका संडेला येणार नाहीत? व्हाय? ही फाउंड इट. इट वॉज अवर्स."

मी म्हटलं, "मोठी झालीस की सांगेन."

काकांनी कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या घरी नेऊन दिली. सोबत यादी: पान्हे इतके, कानस एक, फूटपट्ट्या इतक्या, कोणत्या मुलाचं कोणतं अक्षर कच्चं आहे ते. वाद घातला नाही, कुणाला फोन केला नाही. नव्या बाई आल्या, त्यांच्याकडे अननसाचं रंगीत चित्र होतं. डिसेंबरपर्यंत वर्गात पाच मुलं उरली.

आणि एका शनिवारी दुपारी काका माझ्या दारात उभे. गाडीच्या टपावर दोरीने बांधलेलं लोखंडी कपाट, एका बाजूला पोचा आलेलं, कुठल्या तरी सेलमधलं. कुलूप नवीन बसवलेलं. मला म्हणाले, "एक बाजू धर."

मी धरली. क्लॉझेटमध्ये भिंत ठोकून त्यांनी तिच्या आतला लाकडी खांब शोधला, भोकं पाडली, चार बोल्ट आवळले, हलवून पाहिलं. रायफल मागितली. मी फळीवरून काढून दिली. ती घेण्याआधी त्यांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले. मला कळायला वेळ लागला. मग मी बोल्ट मागे ओढला, आत पाहिलं, बोटाने चाचपलं आणि दिली. त्यांनी पुन्हा पाहिलं, आत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली मला दिली. तासाभरात आम्ही दहा वाक्यंही बोललो नसू. मी मनात सारखा जुळवत होतो, 'काका, त्या दिवशी मी', आणि पुढे काही जुळत नव्हतं.

निघताना ते म्हणाले, "पेन दे."

मी पेन दिलं.

"अन् ती पावती."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी ती जपून ठेवली असणार, मीटिंगलाही ती माझ्या खिशात असणार, सगळं त्यांना माहीत होतं. मी पाकिटातून काढून दिली. त्यांनी ती दारावर टेकवली आणि खाली लिहिलं, 'कपाट झालं. शिकणं बाकी.' पावती आणि पेन, दोन्ही परत केलं. दारातून त्यांची गाडी वळताना दिसली आणि मी चपला न घालता मागे थोडा धावलो, पण हाक मारली नाही. त्या मार्चमध्ये घर विकून ते मुलीकडे डब्लिनला गेले. निरोपसमारंभ झाला नाही. कुणी ठेवलाच नाही.

पुढे मी क्लास पूर्ण केला. मग रायफल विकायला त्याच दुकानात गेलो. म्हाताऱ्याने ती तपासली, मला आठवायचा प्रयत्न केला आणि विचारलं, तुझा तो आरसावाला मित्र कसा आहे. मी म्हटलं, छान आहे. ते मला माहीत नव्हतं.

लेक आता बारा वर्षांची आहे. मोठी झाली. स्मरणिकेचं पत्र आलं तेव्हा तीच म्हणाली, "काकांवर लिहितोस? दसऱ्याचं लिहिणार नं?" दोन्ही वाक्यं मराठीत, दुसरं नागपुरी हेलात. तिने मुद्दाम केलं की तिची सवयच तशी राहिली आहे, मला कळलं नाही.

लेख लिहून झाल्यावर मी गेल्या रविवारी दुपारी काकांना फोन लावला. पाच वर्षांनी. आवाज तसाच, थोडा खोल गेलेला. मी म्हटलं, "काका, एक लिहिलंय. छापायला देणार आहे, ग्रुपवरही टाकणार आहे. तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

"वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. डिशवॉशरपासून बेसमेंटपर्यंत सगळं. त्या बाईंचं वाक्यही वाचलं. संपल्यावर मी म्हटलं, "काका, मी चुकलो." इतक्या वर्षांनी ते इतकं छोटं वाक्य निघालं.

पलीकडे कुठे तरी कुकरची शिट्टी झाली.

"सेफ्टीत कुंकू नव्हतं," काका म्हणाले. "हळद होती. तेवढं दुरुस्त कर."

"हो काका."

"बाकी बरोबर आहे."

आणि त्यांनी फोन ठेवला.

वर मी कुंकू आहे ते तसंच ठेवलं आहे. खोडून हळद लिहिली असती तर हा लेख कोणी तपासला हे वाचणाऱ्याला कळलं नसतं.